हस्तलाघव आणि वाक्यलाघव : रेने लाव्हांदच्या प्रयोगांविषयी काही विचार

हाताच्या करामतीने प्रेक्षकांस चकित करण्याच्या कलेला निरनिराळ्या भाषांनी जी नावे दिली आहेत, ती एके ठिकाणी मांडून पाहिली तर त्यांत काही ठरावीक कल्पनांचीच पुनरावृत्ती झालेली दिसते. पहिली कल्पना हलकेपणाची. संस्कृतातील ‘हस्तलाघव’ हा शब्द ‘लघु’पासून सिद्ध झाला आहे. इंग्रजीतील ‘लेजरडमेन’ हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘हाताने हलका’ असा होतो. त्यातील ‘हलका’ हा अवयव लॅटिन ‘लेव्हिस’पर्यंत मागे नेता येतो, आणि ‘लेव्हिस’ व ‘लघु’ ही एकाच मूळ धातूची अपत्ये होत. दुसरी कल्पना वेगाची. फ्रेंचमधील ‘प्रेस्तिदिजितास्यों’ हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडविलेला शब्द ‘चपळ’ आणि ‘बोट’ या दोन अवयवांचा बनला आहे. आपल्या ‘हातचलाखी’तील फारसी ‘चालाक’ याचाही मूळ अर्थ चपळ असाच आहे. तिसरी कल्पना दृष्टी बांधण्याची. ‘नजरबंदी’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. लॅटिनमधील ‘प्रेस्तिगिए’, म्हणजे भुलवणूक, हा शब्दही ‘घट्ट बांधणे, दृष्टी मंदावणे’ या अर्थाच्या क्रियापदापासूनच निघाला आहे. चौथी कल्पना लबाडीची. इंग्रजीतील ‘स्लाइट’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील ‘धूर्तपणा’वाचक शब्दापासून आला, आणि मराठीत हिशेबात कोणी हातचलाखी केली असे आपण म्हणतो, तेव्हा ‘चलाखी’चा चपळपणा मागे पडून लबाडीच पुढे आलेली असते.

हात, डोळा, वेग आणि लबाडी या चार गोष्टींनी ही नामावली जवळजवळ संपते. या सबंध नामावलीत जिव्हेला स्थान नाही, ही भाषाभ्यासकास लक्षणीय वाटावी अशी गोष्ट आहे. वस्तुतः हस्तलाघवाचा प्रयोग मुकाट्याने क्वचितच होतो. पत्ते पिसताना, नाणे मुठीत धरताना, पेला उपडा करताना जादूगार अखंड बोलत असतो. पण त्या बोलण्याला इंग्रजीत जे नाव रूढ आहे ते ‘पॅटर’ असे आहे, आणि हा शब्द लॅटिन प्रार्थनेच्या आरंभीच्या ‘पातेर नोस्तेर’ या शब्दांपासून, ती प्रार्थना भराभर व अर्थाकडे लक्ष न देता पुटपुटण्याच्या सवयीवरून आला आहे. म्हणजे बोलण्याला नाव मिळाले तेही निरर्थक पुटपुटण्याचे. नावांनी केलेला हा अन्याय या कलेच्या समीक्षेतही उतरला आहे. बोटांची स्तुती पुष्कळ होते, वाक्यांचा विचार सहसा होत नाही.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, प्रेक्षकांच्या अगदी निकट बसून केलेल्या हस्तलाघवात वाक्य ही शोभेची वस्तू नसून ते प्रयोगाचे एक कार्यकारी अंग होय. त्यातही श्रेष्ठ प्रतीच्या प्रयोगात जादूगार असत्य विधान शक्यतो करीत नाही. तो सत्य विधाने करतो, आणि असत्य निष्कर्ष प्रेक्षक स्वतःच काढतो. हे दाखविण्यासाठी अर्जेंटिनाचा विख्यात कलावंत रेने लाव्हांद (१९२८–२०१५) याचे प्रयोग विचारासाठी घेतले आहेत.

प्रथम क्षेत्र निश्चित केले पाहिजे. रंगमंचावरील जादूला पडदे, पेट्या, प्रकाशयोजना आणि मदतनीस यांचे साहाय्य असते. येथे अभिप्रेत असलेल्या प्रकारात एक लहानसे टेबल, त्यावर जाड कापड, समोर हाताच्या अंतरावर बसलेली चार-सहा माणसे, आणि पत्त्यांचा कॅट, दोन-चार नाणी किंवा एखादा पेला एवढीच सामग्री असते. येथे लपविण्यास जागा नाही. म्हणूनच, गुपित वेगात असले पाहिजे, हात डोळ्यापेक्षा जलद चालत असला पाहिजे, अशी प्रेक्षकाची समजूत होते.

ही समजूत शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने याने १८९४ साली हस्तलाघवाच्या मानसशास्त्रावर लेख प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने जादूगारांच्या हालचालींची क्रमवार छायाचित्रे घेवविली होती. छायाचित्रांच्या मालिकेत भास नाहीसा झाला आणि हालचाल उघडी पडली. जे डोळ्यांसमोर घडत होते ते दिसण्याजोगे होते, तरी ते दिसले नव्हते, असाच याचा अर्थ होतो. पुढे २००६ साली गुस्ताव्ह कून व मायकेल लँड यांनी चेंडू अदृश्य करण्याच्या जुन्या करामतीची परीक्षा घेतली. जादूगार दोनदा चेंडू वर फेकतो व झेलतो. तिसऱ्या वेळी चेंडू हातातच ठेवून फेकण्याचा केवळ अभिनय करतो. त्याची नजर कल्पित चेंडूच्या मागे वर गेली, तेव्हा शेकडा ६८ प्रेक्षकांनी चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचे सांगितले. नजर हातावरच राहिली, तेव्हा हे प्रमाण शेकडा ३२ वर आले. बोटांचे काम दोन्ही वेळा तेच होते. फरक पडला तो जादूगाराच्या नजरेने प्रेक्षकास काय सुचविले यामुळे. नजर ही येथे एक खूण आहे, आणि खुणेचा विचार हा भाषाविचाराच्या शेजारचाच प्रांत आहे.

आता लाव्हांदकडे वळू. ब्वेनोस आयरेस येथे जन्मलेल्या या कलावंताचा उजवा हात नवव्या वर्षी मोटारीच्या अपघातात गेला. पत्त्यांच्या करामतींचे ग्रंथ दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेले असतात. तेव्हा लाव्हांदला आपले सारे तंत्र एकट्या डाव्या हातासाठी नव्याने रचावे लागले. तांदिल या गावी त्याचे वास्तव्य होते. प्रथम बँकेत नोकरी करून मग त्याने ही कला पूर्ण वेळ स्वीकारली आणि देशोदेशी कीर्ती मिळविली. एका हाताने पत्ते पिसणारा माणूस म्हणून लोक त्याच्याकडे प्रथम वळले असतील; परंतु त्याचे महत्त्व त्या नवलाईत नाही. आपल्या कलेला त्याने एक नवे नाव दिले. ‘प्रेस्तिदिजितासिओन’ या स्पॅनिश शब्दातील चपळतेचा अवयव काढून तेथे त्याने ‘लेंतो’, म्हणजे सावकाश, हा अवयव बसविला आणि ‘लेंतिदिजितासिओन’ असा शब्द घडविला. वरवर पाहता ही एक शाब्दिक कोटी आहे. परंतु तिच्यात या कलेच्या सबंध नामपरंपरेवर केलेली टीका सामावलेली आहे, असे म्हणावयास हवे.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग म्हणजे ‘पाणी आणि तेल’. तीन लाल व तीन काळी पाने घ्यावयाची. एक लाल, एक काळे अशी ती एकाआड एक टेबलावर मांडावयाची. आणि उलटून दाखविताच लाल पाने एकीकडे व काळी एकीकडे झालेली आढळावयाची. तेल व पाणी जसे एकत्र राहत नाहीत, तसे हे रंग मिसळत नाहीत, एवढीच यामागची कल्पना. हा प्रयोग इतर अनेक जादूगार करतात. लाव्हांद तो पुन्हा पुन्हा करतो आणि प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सावकाश करतो. अखेरीस, याहून सावकाश करता येत नाही, अशा आशयाचे वाक्य तो उच्चारतो. आणि थोडे थांबून, कदाचित करता येईलही, अशी पुस्ती जोडतो. मग तो खरोखरच आणखी सावकाश करून दाखवितो.

या दोन लहान वाक्यांचे व्याकरण सूक्ष्मपणे पाहण्यासारखे आहे. पहिले वाक्य निषेधार्थी आहे. दुसरे त्या निषेधाला मागे घेणारे आहे. ही दोन्ही एकाच वेळी सत्य असणे शक्य नाही. परंतु दोहोंच्या पोटात एक तिसरी गोष्ट गृहीत धरलेली आहे : आतापर्यंत जे झाले ते सावकाशच झाले. गोटलोब फ्रेगे याने १८९२ साली आणि पी. एफ. स्ट्रॉसन याने १९५० साली ज्या पूर्वगृहीताचे विवेचन केले, त्याचे लक्षण हेच की, वाक्य होकारार्थी करा अथवा नकारार्थी करा, पूर्वगृहीत जागचे हलत नाही. लाव्हांदने विधान केले आणि मोडले. प्रेक्षकाचे लक्ष त्या मांडण्यामोडण्यात गुंतले. गृहीत मात्र दोन्ही वेळा बिनतक्रार पदरात पडले. उघड विधानाशी श्रोता वाद घालू शकतो, पण पूर्वगृहीताशी वाद घालण्यासाठी त्याला संभाषण थांबवावे लागते, आणि मैफलीत ते कोणी सहसा करीत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हे पूर्वगृहीत असत्य आहे काय? नाही. हालचाल खरोखरच सावकाश झालेली असते. मग फसवणूक कोठे झाली? ती झाली ‘सावकाश’ या शब्दापासून ‘उघड’ या शब्दाकडे प्रेक्षकाने मनातल्या मनात जी उडी घेतली, तिच्यात. सावकाश झाले, म्हणून सर्व दिसले. सर्व दिसले, म्हणून लपविलेले काही नाही, अशी ही अनुमानाची साखळी आहे. तिचा एकही दुवा जादूगाराने उच्चारलेला नाही. ही साखळी प्रेक्षकाच्या मनात आधीपासून तयार असते. कारण वेग हेच गुपित, असे भाषेने आणि रूढ समजुतीने त्याला शिकविलेले असते. लाव्हांद त्याच्याजवळचे हे एकमेव स्पष्टीकरण काढून घेतो. ज्या नावाने ही कला ओळखली जाते, त्या नावावरचा प्रेक्षकाचा विश्वास हेच त्याचे खरे साधन ठरते.

आपल्याकडील शास्त्रांच्या परिभाषेत ही प्रक्रिया अधिक नेमकेपणाने मांडता येते. मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे प्रमाण मानले आहे. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, एवढे कळले की तो रात्री जेवत असला पाहिजे, अशी कल्पना केल्यावाचून गत्यंतर उरत नाही. हस्तलाघवाचा प्रेक्षकही असाच अर्थापत्ती करीत बसलेला असतो. नाणे या मुठीत नाही, तर त्या मुठीत असेल. त्या मुठीत नाही, तर बाहीत असेल. जादूगाराचे कौशल्य हे की, देवदत्त रात्रीही जेवत नाही, हे त्याने योग्य क्षणी पटवून द्यावे. स्पेनमधील ख्यातनाम जादूगार हुआन तामारिस याने १९८७ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ‘ला व्हिआ माहिका’ या ग्रंथात, प्रेक्षकाच्या मनात येऊ शकणारी खोटी उत्तरे आधीच ओळखून ती एकामागून एक बंद करण्याचा जो मार्ग सांगितला आहे, तो या दृष्टीने अर्थापत्तीच्या वाटा अडविण्याचा मार्ग होय. सर्व वाटा बंद झाल्या आणि तरीही देवदत्त लठ्ठच राहिला, की जे उरते त्याला आश्चर्य म्हणावयाचे.

ध्वनिविचाराचीही येथे मदत होते. वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ असा जो भेद आनंदवर्धनाच्या परंपरेने केला, त्याच्या आधारे असे म्हणता येईल की, उत्तम हस्तलाघवात वाच्यार्थ निर्दोष असतो आणि भ्रम व्यंग्यार्थात वसतो. जो जादूगार रिकाम्या मुठीकडे बोट दाखवून ‘नाणे या मुठीत आहे’ असे म्हणतो, तो वाच्यार्थाने खोटे बोलतो. प्रेक्षकाला ते वाक्य संशयास्पद वाटते. कारण जी गोष्ट दिसते आहे ती सांगण्याची गरजच काय, असे त्याच्या मनात येते. एच. पी. ग्राइस याच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संभाषणाचे जे संकेत सांगितले आहेत, त्यांपैकी आवश्यक तेवढेच सांगावे हा संकेत येथे मोडतो. याउलट कुशल जादूगार करामतीच्या शेवटी झालेल्या गोष्टींची उजळणी करतो : तुम्ही पत्ते पिसलेत, तुम्ही पान निवडलेत, तुम्हीच ते परत ठेवलेत. यातील प्रत्येक वाक्य सत्य असू शकते. मधल्या एका क्षणी कॅट जादूगाराच्या हातात होता, एवढेच काय ते राहून जाते. सांगणाऱ्याने महत्त्वाचे काही वगळलेले नसणार, या श्रोत्याच्या सद्भावावर ही उजळणी उभी असते. वैयाकरणांना अर्ध्या मात्रेच्या लाघवानेही पुत्रजन्माचा आनंद होतो असे म्हणतात. जादूगाराचा आनंद एका सबंध वाक्याच्या लाघवात असतो.

लाव्हांदच्या त्या वाक्यात आणखी एक विशेष आहे. स्पॅनिशमधील ‘से’युक्त रचनेत कर्ता सांगितलेला नसतो. मराठीतील ‘करता येत नाही’ ही रचना तिला बरीच जवळची आहे. ‘मला याहून सावकाश करता येत नाही’ असे तो म्हणता, तर असमर्थता त्या माणसाची झाली असती. त्याचा रिकामा उजवा हात समोर असताना ते वाक्य दयेची याचना करणारे ठरले असते. कर्ताच वगळल्यामुळे मर्यादा माणसाची न राहता कृतीची झाली. आणि पुढच्याच क्षणी ती मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा विजयही कृतीचाच झाला. करुणेला वाव न देणारा हा व्याकरणाचा संयम मला त्याच्या बोटांच्या कौशल्याहून कमी मोलाचा वाटत नाही.

तुलनेसाठी १९०२ साली शिकागो येथे प्रसिद्ध झालेला एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने लिहिलेला पत्त्यांवरील ग्रंथ पाहावा. त्याचा पूर्वार्ध जुगाराच्या टेबलावरील फसवेगिरीचा आणि उत्तरार्ध हस्तलाघवाचा आहे. खोटी हालचाल खऱ्या हालचालीसारखीच दिसली पाहिजे, हे तत्त्व त्यात अतिशय बारकाईने प्रतिपादिले आहे. परंतु उत्तरार्धातील काही करामतींना जोडलेले निवेदन पाहिले, तर ते आलंकारिक, फुगीर आणि कृतीशी सैल बांधलेले वाटते. ते काढून दुसरे घातले तरी करामतीच्या यंत्रणेस धक्का लागणार नाही. लाव्हांदच्या त्या दोन वाक्यांचे तसे नाही. ती काढली, की सहा पाने सहा वेळा सावकाश मांडणारा एक माणूस उरेल, आणि प्रेक्षक दुसऱ्याच आवृत्तीत कंटाळेल. निवेदन काढून टाकून पाहावे आणि प्रयोगाचे काय होते ते तपासावे, ही परीक्षा समीक्षकास उपयोगी पडण्यासारखी आहे.

तथापि लाव्हांदचे सर्वच निवेदन या कसोटीस उतरते असे नाही. जुगारी, प्रवासी, म्हातारे सोबती यांच्या कथा सांगत करामत करण्याची त्याची पद्धत होती. त्यांपैकी काही कथांत भावनेचा भार इतका वाढतो, की पाने केवळ कथेतील चित्रांसारखी उलटली जातात. प्रेक्षक हेलावतो, परंतु त्याची अर्थापत्ती झोपी जाते; आणि जो तर्क करीत नाही त्याला चकित करता येत नाही. ज्या प्रयोगांत कथा अल्प आणि वाक्य कृतीला चिकटलेले आहे, तेथे तो श्रेष्ठ आहे. पावाचे तीन कण आणि एक पेला एवढ्यावर चालणारा त्याचा प्रयोग या प्रकारचा. कण दूर केला तरी पेल्यातून पुन्हा तीन कण निघतात. वस्तू इतकी क्षुद्र की तिच्यात यंत्र असण्याचा संशयच येऊ नये. तामारिसची रीत याच्या अगदी विरुद्ध. तो आरडाओरड करतो, हसवितो, कल्पित व्हायोलिन वाजवितो. तरी त्याचा गोंगाटही तर्काच्या वाटा अडविण्याचेच काम करतो. तेव्हा सावकाशी हा नियम नव्हे. वाक्य आणि कृती यांची सांधणूक हाच नियम होय.

हा विचार केवळ रसिकतेपुरता आहे, असे मानता येणार नाही. मराठीत ‘जादू’ हा एकच शब्द करमणुकीच्या प्रयोगालाही लागतो आणि ‘जादूटोणा’ या समासात भयाच्या व्यवहारालाही लागतो. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी दीर्घकाळ झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे आणि अशा चमत्कारांच्या प्रसाराने लोकांस फसविणे, ही त्या कायद्याच्या अनुसूचीतील एक बाब आहे. आता पाहा : रिकाम्या हातातून राख काढून दाखविणारा बुवा आणि तीच राख तशीच काढून दाखविणारा अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता, यांच्या बोटांत काही फरक नसतो. जादूगार तर पैसेही घेतो. मग बुवा, कार्यकर्ता आणि कलावंत या तिघांना वेगळे करणारी गोष्ट कोणती? ती हातात सापडणार नाही. ती वाक्यात सापडेल. बुवा सांगतो, ही शक्ती आहे. कार्यकर्ता सांगतो, ही युक्ती आहे. कलावंत यांपैकी काहीच सांगत नाही. परंतु प्रयोगाला बसलेल्या प्रत्येकास, हा खेळ आहे, हे त्याच्या न उच्चारलेल्या पहिल्या वाक्यातून कळलेले असते. रोबेर-उदँ याने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात, जादूगार हा चेंडू झेलणारा कसरतपटू नसून जादूगाराची भूमिका करणारा नट होय, असा जो आग्रह धरला, त्याचे मर्म हेच आहे. नटाचे असत्य हे असत्य नव्हे, कारण रंगभूमीचा करार आधीच झालेला असतो.

हस्तलाघवाची समीक्षा जोपर्यंत बोटांची गणना करीत राहील, तोपर्यंत तिला बुवा आणि कलावंत यांच्यात भेद करता येणार नाही. दोघांनाही ती समान गुण देऊन मोकळी होईल. वाच्य काय, व्यंग्य काय, गृहीत काय आणि कोणत्या करारावर हे सर्व उभे आहे, असे प्रश्न विचारू लागताच मात्र हा भेद स्पष्ट होतो. हे प्रश्न भाषाभ्यासाचे आहेत. एका हाताच्या अर्जेंटिनी कलावंताने पत्त्यांची सहा पाने मांडताना म्हटलेली दोन वाक्ये जर आपल्या विद्यार्थ्यांनी पूर्वगृहीत व ध्वनी यांच्या दृष्टीने तपासून पाहिली, तर गावोगावच्या चमत्कारांमागील वाक्येही ते तितक्याच शांतपणे तपासू शकतील. त्या दुसऱ्या तपासाची आपल्याकडे अधिक निकड आहे.